घरातला प्रिंटर आणि मुलाचा खोकला

“डॉक्टर, नवं मशीन घ्यायचं म्हणते. कोणतं घेऊ?”

गेल्या वर्षी जून महिन्यात एक बाई हा प्रश्न घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा दम्यासाठी दोन वर्षे माझ्याकडे येत होता. मशीन म्हणजे वाफेतून औषध देण्याचे नेब्युलायझर, असे समजून मी त्यांना सांगू लागलो, की पंप नीट वापरला तर एरवी घरी मशीनची गरज पडत नाही. त्यांनी मला मध्येच थांबवले. “ते नव्हे हो. प्रिंटर म्हणते मी. जुन्याचा वास मारतो, आणि तो चालू झाला की हा खोकतो.”

दोन वर्षांत मी या बाईंना घरात ओल आहे का, मांजर आहे का, मुलाचे वडील विडी-सिगारेट ओढतात का, गाद्या उन्हात घालता का, हे सारे विचारले होते. घरात प्रिंटर आहे का, हे मात्र एकदाही विचारले नव्हते. खोकला वाढला की औषध वाढव, एवढेच माझे चालले होते. म्हणून आजचा लेख काही अंशी माझ्या चुकीची भरपाई आहे, असे वाचकांनी समजावे.

करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, शाळा फोनवर आल्या आणि गावोगावी घराघरांत प्रिंटर आले. कुणी मुलांच्या अभ्यासासाठी घेतला, कुणी त्यावर छोटासा व्यवसाय सुरू केला. या बाईंनी व्यवसाय सुरू केला. पतीची नोकरी गेलेली. दोन खोल्यांचे घर. एका कार्यालयाने मोडीत काढलेला मोठा लेझर प्रिंटर त्यांनी स्वस्तात घेतला आणि परीक्षांचे अर्ज, दाखले, उतारे, शाळेचे प्रकल्प छापून देऊ लागल्या. दिवसाला शंभर-दीडशे पाने, प्रवेशाच्या दिवसांत त्याच्या दुप्पट. प्रिंटर आतल्या खोलीत मुलाच्या कॉटशेजारी, कारण बाहेरच्या खोलीत गिऱ्हाईक बसते. डास येतात म्हणून संध्याकाळी खिडकी बंद, आणि कॉटखाली मच्छरची कॉइल. हे चित्र त्या सांगत होत्या, तसतसा मी खुर्चीत अवघडत गेलो.

आता प्रिंटर हवेत काय सोडतो, ते पाहू. घरगुती वापराचे प्रिंटर मुख्यतः दोन जातींचे. एक लेझर, दुसरा शाईचा, म्हणजे इंकजेट. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसतेच. त्यात टोनर नावाची पूड असते. ही पूड म्हणजे अतिशय बारीक दळलेले प्लॅस्टिक, आणि काळ्या रंगासाठी त्यात काजळीच्या जातीचे कार्बन ब्लॅक. विजेच्या भाराने ही पूड कागदावर अक्षराच्या आकारात चिकटते आणि मग कागद एका तापलेल्या रुळाखालून जातो. या रुळाचे तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तेथे पूड वितळते आणि कागदात मुरते. लेझरचे पान हातात घेतल्यावर गरम लागते, ते यामुळेच.

पुष्कळांना वाटते, की लेझर प्रिंटरमधून काळी पूड उडते आणि ती आपण श्वासात घेतो. यंत्र नादुरुस्त असेल तर तसे होतेही. परंतु धडधाकट यंत्रातून बाहेर पडणारे बहुतेक कण टोनरचे नसतात. तव्यावर तेल फार तापले की धूर दिसू लागतो. तो धूर म्हणजे तेलाची वाफ हवेत गार होऊन बनलेले थेंब. तसेच येथे होते. टोनर, कागद आणि खुद्द तो गरम रूळ यांतून काही द्रव्यांची वाफ निघते आणि बाहेरच्या गार हवेत तिचे कण बनतात. हे कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही लहान असतात. तुलनेसाठी सांगायचे, तर आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. इतके बारीक कण नाकातल्या केसांना आणि घशातल्या चिकट द्रवाला चुकवून फुप्फुसाच्या अगदी आतल्या कप्प्यांपर्यंत जाऊ शकतात.

या विषयाकडे जगाचे लक्ष गेले ते २००७ मध्ये. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथील क्वीन्सलँड तंत्रशास्त्र विद्यापीठात लिडिया मोरावस्का या शास्त्रज्ञ हवेतील कणांचा अभ्यास करतात. करोनाचा विषाणू हवेतून पसरतो हे मान्य करा, असे २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने जाहीरपणे मांडणाऱ्या त्या याच. त्यांच्या गटाने एका कार्यालयातील ६२ प्रिंटर तपासले. त्यांतील १७ प्रिंटर भरपूर कण सोडणारे निघाले. कामाच्या वेळेत त्या कार्यालयाच्या हवेतील कणांची संख्या एरवीच्या पाचपट होत होती. पण मला त्या अभ्यासातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. निम्म्याहून अधिक प्रिंटरांनी हवेत काहीच भर घातली नव्हती. आणि एकाच कंपनीच्या एकाच नमुन्याची दोन यंत्रे, एक भरपूर कण सोडणारे आणि दुसरे स्वच्छ, असेही आढळले. तेव्हा “अमुक कंपनीचा घ्या” असे मी सांगेन, अशी वाचकांची अपेक्षा असेल तर ती पुरी होणार नाही.

पुढच्या काही वर्षांत याच गटाने आणि जर्मनीतील संशोधकांनी त्यामागचे कारण शोधले. रूळ किती तापतो आणि तापमान किती वरखाली होते, यावर कणांची संख्या बरीच अवलंबून असते. गार पडलेले यंत्र सुरू करून पहिली पाने काढताना कणांचा लोट सर्वांत मोठा असतो. त्यामुळे दिवसातून दहा वेळा एकेक पान काढण्यापेक्षा कामे साठवून एकदम छापलेली बरी. पानभर काळे चित्र छापले तर चार ओळींच्या अर्जापेक्षा जास्त कण निघतात. हे सारे कळायला प्रयोगशाळा लागली. पण आमच्या बाईंना सकाळची पहिली पाने काढतानाच वास जास्त येतो हे आधीच ठाऊक होते.

वासाचा विषय निघालाच आहे तर ओझोनबद्दल थोडे सांगतो. जुन्या झेरॉक्सच्या दुकानात एक तिखट वास येत असे, तो ओझोनचा. जुन्या यंत्रांत विजेचा भार देण्यासाठी उघडी तार असे आणि तिच्यामुळे हवेतल्या प्राणवायूचा ओझोन बने. वातावरणाच्या वरच्या थरात ओझोन आपले रक्षण करतो, पण नाकातोंडात गेला तर श्वासनलिकेला झोंबतो. घरगुती वापराच्या नव्या लेझर यंत्रांत तारेऐवजी रबरी रूळ वापरतात, त्यामुळे ओझोन फारच कमी बनतो. जुने, मोठे, कार्यालयातून निघालेले यंत्र घरात आणू नका, असे मी सांगतो त्याचे एक कारण हे. दुसरे कारण, अशा यंत्रातली धूळ, झिजलेला रूळ आणि गळका टोनर तुम्हाला फुकट मिळतो.

आता भ्यायचे किती? येथे डॉक्टरनेही तोल सांभाळला पाहिजे. जर्मनीत म्युनिकच्या विद्यापीठात काही निरोगी माणसांना, काही दमेकऱ्यांना आणि प्रिंटरमुळे त्रास होतो असे सांगणाऱ्या काही लोकांना बंद खोलीत लेझर प्रिंटरच्या हवेत थोडा वेळ बसवून तपासले गेले. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या कामात किरकोळ फरक दिसले, गंभीर असे काही आढळले नाही. कर्करोगाबद्दलही विचारणा होते. टोनरमधील कार्बन ब्लॅक या द्रव्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेले’ या गटात ठेवले आहे. परंतु टोनरमध्ये ते प्लॅस्टिकमध्ये बांधलेले असते, मोकळे उडत नाही. आठवड्याला दहा-वीस पाने छापणाऱ्या, खिडक्या उघड्या असलेल्या घरात लेझर प्रिंटर असेल, तर झोप उडवून घेण्याचे कारण नाही. दिवसाला शंभर पाने, बंद खोली आणि शेजारी दमेकरी मूल, ही गोष्ट निराळी.

शिवाय घरातील हवेचा हिशेब प्रिंटरपासून सुरू होत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मच्छरच्या कॉइलचा धूर मोजला होता. एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरले. वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. कॉटखाली कॉइल लावून प्रिंटरची चिंता करणे म्हणजे छप्पर गळत असताना माठाला फडके बांधण्यासारखे आहे. म्हणून मी त्या बाईंना नव्या प्रिंटरचे नाव सांगण्याआधी कॉइल बंद करून मच्छरदाणी लावायला सांगितले. त्यांना ते आवडले नाही. त्या विचारायला आल्या होत्या एक, आणि मी सांगत होतो दुसरेच.

तरीही प्रश्न त्यांचा होता आणि त्याचे उत्तर द्यायला हवे होते. माझे उत्तर असे, की घरात लहान मूल, दमेकरी, हृदयविकाराचा रुग्ण किंवा गरोदर स्त्री असेल आणि प्रिंटर झोपण्या-बसण्याच्या खोलीतच ठेवावा लागणार असेल, तर शाईचा घ्यावा. शाईच्या प्रिंटरमध्ये कागद भाजून काढणारा तापता रूळ नसतो. शाईचे थेंब बारीक छिद्रांतून कागदावर पडतात आणि वाळतात. काही यंत्रांत थेंब उडवण्यासाठी क्षणभर उष्णता वापरतात, काहींत नुसता दाब. शाई बहुधा पाण्यातली असते. तिच्यातून काही द्रव्यांची वाफ थोड्या प्रमाणात निघते, पण सूक्ष्म कणांचा लोट उठत नाही. पूर्वी शाईची छोटी डबी महाग पडे आणि म्हणून धंद्यासाठी लोक लेझरच घेत. आता बाटलीने शाई भरायच्या टाकीचे प्रिंटर निघाले आहेत. एका बाटलीत काही हजार पाने निघतात, त्यामुळे खर्चाचे ते कारण बरेचसे उरलेले नाही.

शाईवाल्याच्या खोडी मात्र सांगितल्या पाहिजेत. तो बरेच दिवस न वापरता ठेवला तर छिद्रांत शाई वाळते. आठवड्याला एखादे रंगीत पान काढत राहावे लागते. छपाई सावकाश होते. आणि पावसाचे थेंब पडले की काही शाया पसरतात. रंगद्रव्य पाण्यात विरघळणारे असेल तर अक्षरे पसरतात, न विरघळणाऱ्या बारीक पुडीचे असेल तर बरीचशी टिकतात. विकत घेताना काळी शाई कोणत्या जातीची आहे हे दुकानदाराला आवर्जून विचारावे. त्याला सांगता आले नाही, तर एक पान छापून घ्यावे, वाळू द्यावे आणि ओले बोट फिरवून पाहावे.

लेझरच घ्यायचा असेल, तर नवा घ्यावा आणि कामापुरता लहान घ्यावा. जर्मनीत १९७८ पासून ‘निळा देवदूत’ या अर्थाच्या नावाचे एक पर्यावरण-चिन्ह दिले जाते. २०१३ पासून या चिन्हासाठी लेझर प्रिंटरने हवेत सोडलेल्या कणांची संख्याही मोजली जाते आणि १० मिनिटांच्या छपाईत ३५० अब्जांची मर्यादा पाळावी लागते. आकडा वाचून दचकू नका, हे कण इतके हलके असतात की त्यांचे एकूण वजन नगण्य भरते. आपल्याकडच्या खोक्यावर हे चिन्ह नसले, तरी कंपनीच्या माहितीपत्रकात त्या नमुन्यापुढे त्याचा उल्लेख सापडू शकतो. वीज-बचतीचे चिन्ह पाहून मात्र फसू नका, ते विजेबद्दल बोलते, हवेबद्दल नाही.

आपल्या भागातली खरी धोक्याची वेळ मला वेगळीच वाटते, ती म्हणजे टोनर भरण्याची. रिकामे डबडे नवे घेण्याऐवजी आपण ते भरून घेतो. त्यात चूक काही नाही, पैसे वाचतात. पण भरणारा मुलगा घरी येतो, वर्तमानपत्र पसरतो, डबडे उघडतो आणि उरलेली पूड ब्लोअरने किंवा चक्क तोंडाने फुंकून काढतो. एरवी बांधलेली पूड अशी खोलीभर होते. हे काम घरात करू देऊ नका. डबडे त्याच्या दुकानात पाठवा, आणि तोही कोणाचा तरी मुलगा आहे, तेव्हा त्याला मास्क बांधायला सांगा. घरी पूड सांडलीच तर केरसुणी फिरवू नये, ती उडते. घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनरही लावू नये, कारण बारीक पूड त्याच्या पिशवीतून मागच्या बाजूने पुन्हा हवेत येते. गार पाण्यात भिजवलेल्या फडक्याने हलकेच टिपून घ्यावी. गरम पाणी नको, उष्णतेने ही पूड चिकटते.

प्रिंटर कोणता, यापेक्षा कोठे ठेवला, याने पुष्कळदा जास्त फरक पडतो. माझ्या स्वतःच्या दवाखान्यात लेझर प्रिंटर कंपाउंडरच्या खुर्चीमागे होता, हवा बाहेर फेकणारी त्याची जाळी थेट त्याच्या मानेकडे. बाईंशी बोलणे झाल्यावर मला ते पहिल्यांदा दिसले. आता प्रिंटर खिडकीजवळ आहे आणि जाळीचे तोंड खिडकीकडे. छापताना समोरासमोरची दोन दारे-खिडक्या उघड्या असाव्यात आणि छपाईनंतरही थोडा वेळ तशाच ठेवाव्यात. घरात नेहमी बसवतात त्या एसीने हवा बदलते हा मोठा गैरसमज आहे. तो खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. हवा शुद्ध करणारे यंत्र घेणार असाल, तर दाट कागदी गाळणीचे, ज्याला हेपा म्हणतात ते, बारीक कणही अडवते. वासासाठी त्यात कोळशाची गाळणी लागते. ओझोन सोडणारे यंत्र मात्र नको, कारण पैसे देऊन तोच त्रास घरात आणायला नको. काही घरांत हल्ली हवा मोजायचे छोटे मीटर दिसतात. प्रिंटर चालू असताना मीटरचा काटा हलला नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका. या स्वस्त मीटरांना साधारण ०.३ मायक्रॉनपेक्षा बारीक कण दिसतच नाहीत, आणि प्रिंटरचे बहुतेक कण त्याहून बारीक असतात.

आता त्या मुलाचे काय झाले, ते सांगतो. पहिल्या महिन्यात कॉइल गेली, मच्छरदाणी आली. मी त्याला माझ्यासमोर पंप घ्यायला लावला, तेव्हा निम्मे औषध तोंडातच राहत होते असे दिसले. स्पेसरची नळी लावून ते सुधारले. रात्रीचा खोकला आठवड्यातून पाच रात्रींवरून दोनवर आला. दुसऱ्या महिन्यात बाईंनी टाकीचा शाईचा प्रिंटर घेतला आणि लेझर आतल्या खोलीतून हलवला. दिवाळीपर्यंत मुलाचे औषध मला एक पायरी खाली आणता आले. यातला किती गुण प्रिंटरचा, किती कॉइलचा आणि किती पंपाचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तिन्ही एकाच पावसाळ्यात झाले. हे वाचून कोणी प्रिंटर हलवला आणि मुलाचा पंप मात्र बंद केला, असे कृपा करून करू नका. पंप कमी करायचा तो डॉक्टरने तपासून, आणि हळूहळू.

बाईंनी लेझर विकला असेल, असे मला वाटले होते. तसे झाले नाही. जुलैच्या पावसात एक गिऱ्हाईक भिजलेला अर्ज घेऊन परत आले, निळी अक्षरे सगळी पसरलेली, आणि तालुक्याच्या कचेरीत तो घेतला नव्हता. बाईंना पैसे परत द्यावे लागले. तेव्हापासून भिजण्याची भीती असलेले कागद त्या लेझरवरच काढतात. फक्त तो आता पुढच्या पडवीत, पत्र्याखाली, प्लॅस्टिकचे आवरण घालून ठेवलेला असतो, आणि दिवसाची सगळी पाने सकाळी मुलगा शाळेत गेल्यावर एकदम निघतात. शाईच्या प्रिंटरची छिद्रे वाळू नयेत म्हणून दर रविवारी एक रंगीत पान काढायचे काम मुलाकडे आहे. गेल्या खेपेला तपासणीसाठी आला, तेव्हा त्याने एक पान माझ्या टेबलावर ठेवले. त्यावर एक पोपट होता. हिरवा रंग एका बाजूने पट्ट्यापट्ट्यांचा आला होता, म्हणजे मधला एखादा रविवार चुकला असावा.